बहुधाच्या भाकऱ्या

आमचा टाइमकीपर रविवारी इंग्रजी शिकवायचा. इंग्रजी म्हणजे काय, तर फक्त अंदाज. पाणी कसं मागायचं, दवाखान्यात कुठं दुखतंय ते कसं सांगायचं, बस कुठं थांबते ते कसं विचारायचं, यातलं काहीही त्याच्या वर्गात मिळत नसे. मिळत असे ते मस्ट, मे, माइट आणि कुड. अमका आजारी असणारच, तमका येईल बहुधा, फलाणा आला तर आला. चिंचवडमधल्या एका प्राथमिक शाळेची पत्र्याची खोली त्यानं रविवार सकाळपुरती मिळवली होती. तिथं पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून, आम्ही मिशा फुटलेले बाप्ये बसायचो. आमच्यातल्या एकालाही इंग्रजी नको होतं. आम्हाला तो हवा होता.

कारण सोमवार ते शनिवार हाच माणूस कंपनीच्या गेटवर उभा राहून कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचा. आम्ही बदलीवाले. कायमचा कामगार गैरहजर राहिला की त्या दिवसापुरता त्याच्या जागी आत जाणारा तो बदली. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधीच आम्ही गेटच्या जाळीला लागून उभे असायचो. पर्मनंट लोक बिल्ले दाखवत, डबे हलवत आत जायचे. भोंगा व्हायचा. मग टाइमकीपर हातात पॅड घेऊन यायचा, बघतोय असं न दाखवता आमच्याकडे बघायचा आणि बोटानं माणसं उचलायचा. तू. तू. तो मागचा, चौकडीचा शर्ट. उरलेल्यांना म्हणायचा, "यू मे गेट सेकंड शिफ्ट. यू मे नॉट." आणि स्वतःच हसायचा. आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण जो हसत नाही तो दुसऱ्या पाळीलाही बाहेरच राहतो असा आमचा पक्का समज होता, आणि समजावर जगणाऱ्या माणसाला पटकन हसता येतं.

म्हणून रविवारी वर्गाला गर्दी. फी भरायची, पुढच्या बाकावर बसायचं, तोंड नीट दिसेल असं धरायचं. वही कुणाकडे असायची, कुणाकडे नसायची. तो फळ्यावर शिडी काढायचा. सगळ्यात वरच्या पायरीवर मस्ट, खाली मे, त्याच्याखाली माइट, आणि पार तळाला कुड. वरून खाली उतरताना खात्री कमी होत जाते, असं तो खडूनं पायऱ्यांवर ठोकत सांगायचा. उदाहरणं आमचीच. फर्नेसवाला आज आला नाही, ही मस्ट बी इल. पेंटवाला आला नाही, ही मे बी इन हिज व्हिलेज. तिसऱ्याचं नाव घेऊन डोळा मारायचा आणि म्हणायचा, ही माइट बी ड्रंक. मग हशा. वर्षभर शिकून आम्हाला इंग्रजीत घोटभर पाणी मागता येत नव्हतं, पण दुसऱ्याच्या आजाराबद्दल शंका मात्र चार पायऱ्यांवरून घेता येत होती.

हा माणूस फार शिकलेला होता अशातला भाग नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला कुठंतरी अडकला होता म्हणे. पण पँटला इस्त्री, खिशाला पेन, आणि कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर न देण्याची साहेबी कला त्याच्याकडे जन्मजात असावी. तुम्ही विचारा, साहेब, उद्या यायचं का? तो आभाळाकडे बघणार. तुम्ही विचारा, साहेब, या महिन्यात माझं काही होईल का? तो पेनाचं टोपण काढणार, परत लावणार. हो म्हटलं तर द्यावं लागतं, नाही म्हटलं तर माणूस निघून जातो. मे म्हटलं की माणूस तिथंच उभा राहतो, आणि उभी राहिलेली माणसं त्याला बघायला आवडायची.

मी सातवीतून शाळा सोडलेला. गाव पार बिलोलीच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. एस.टी. बदलत बदलत इथं पोचायला एक दिवस आणि पाठीचा काटा, एवढं लागायचं. थोरल्या भावाची गावात पिठाची गिरणी, तिथं माझं त्याच्याशी पटेना, म्हणून मी इकडे. सत्तर आणि ऐंशीच्या मधली ती वर्षं. पिंपरीच्या आसपास नवीन कारखाना उभा राहिला की पत्रे चढायच्या आधीच गेटवर माणसं जमायची. मी भित्रा माणूस. रोज सकाळी जाळीला हात लावला की मनात तेच. आज घेईल का, नाही घेतलं तर उद्या तोंड लक्षात ठेवील का, काल मी नीट हसलो होतो का.

आणि शेजारी जे उभे असायचे त्यांचं काय सांगावं. गेटवर जेवढं ज्योतिष चालायचं तेवढं आळंदीच्या वाटेवरही चालत नसेल. कुणाची बायको कितव्या महिन्यात आहे, कुणाच्या गावची जत्रा कधी, कुणाचा बाप खाटेला लागलाय, सगळं तोंडपाठ. कुणाकडे बाळंतपण आलं की आम्ही खूष. मयत झाली की त्याहून खूष, कारण मग माणूस दहावा उरकल्याशिवाय येत नाही. मावळातला एक बदलीवाला होता, तो यात तरबेज समजला जायचा. एकदा त्यानं छातीठोक सांगितलं, "प्रेसवाल्याची आय आज जाती बघा. दिस मावळायच्या आत." दुसऱ्या दिवशी प्रेसवाला पेढे वाटत गेटमधून आत गेला. म्हातारी उठून बसली होती. मावळवाला माझ्याकडे वळून चिडून म्हणाला, "लय चिवट हाय राव म्हातारी." त्याच्या हातात पेढा होता. तो त्यानं खाल्ला.

दुसरी रीत मोसंब्यांची. पर्मनंट माणूस दवाखान्यात पडला की बदलीवाले त्याला भेटायला जायचे. मोसंबी घेऊन. पायाशी बसायचे, दादा बरं वाटतंय का विचारायचे, आणि डोळे, नखं, श्वास, सलाइनची बाटली सगळं न्याहाळून बाहेर यायचे. बाहेर पायरीवर बैठक. किती दिवस काढील? परत भट्टीवर उभा राहील का? हळूहळू दवाखान्यातल्या सगळ्यांना ही मोसंबी ओळखू यायला लागली. रुग्णाच्या उशाशी मोसंबी दिसली की आया म्हणायची, आले वाटतं मापं घ्यायला.

माझं जेवण एका भट्टीवाल्याच्या घरी होतं. लोखंड तापवून विझवायच्या खात्यात हा माणूस बारा-पंधरा वर्षं काम करत होता. बौद्ध कुटुंब, पिंपरीत स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याखाली शाळेत जाणाऱ्या पोरांची दप्तरं. मी त्यांना दादा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. खानावळीचं खाऊन माझं पोट सारखं बिघडतंय हे दादांनी एकदा कँटीनमध्ये बघितलं आणि म्हणाले, आमच्याकडे येत जा. बस, एवढंच. कोण, कुठला, काही विचारलं नाही. या गावात मला पहिल्यांदा कुणीतरी एवढ्या सरळ काही सांगितलं होतं. त्या घराचे उपकार मी फेडू शकलेलो नाही, आणि फेडता येतील असा दावाही करत नाही.

वहिनींना मात्र टाइमकीपरची भाषा चालायची नाही. रोज जेवण झालं की त्या विचारायच्या, उद्या सकाळी डब्याला आहेस का? मला काय ठाऊक, उद्या गेटवर घेतील का नाही, की चाकणला जावं लागेल. गेटवर नाही लागलो तर मी चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायला जायचो. तिथं टोळीचा मुकादम सरळ असायचा. चल म्हणायचा नाहीतर नको म्हणायचा, आणि नको म्हटल्यावर आपण चहा पिऊन परत यायचं. तर वहिनींना मी म्हणायचो, असेन बहुधा.

"बहुधाच्या भाकऱ्या मला थापता येत नाहीत," त्या म्हणायच्या. "पीठ किती घेऊ सांग. आहेस का नाहीस?"

मग मी आहे म्हणायचो. चाकणला गेलो तरी डबा बरोबर असायचा.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता दादांना कावीळ झाली. आधी नुसता थकवा, मग जेवण नको, मग एक दिवस भट्टीसमोर चक्कर येऊन बसले. डोळे हळदीसारखे. कामगारांच्या दवाखान्यात ठेवलं. शिवाय वहिनींनी चऱ्होलीहून कुणाकडून तरी पाल्याचा रस आणला, तोही दिला. मोसंबीवाले दुसऱ्याच दिवशी हजर. मी तिथं होतो तेव्हा मावळवाला आला, पायाशी बसला, आणि बोलता बोलता डोळ्यांकडे बघायला लागला. दादांनी उशी पाठीला घेतली.

"असं लांबून काय बघतोस? खिडकीपाशी ये. उजेडात पिवळं नीट दिसतं."

मावळवाला म्हणाला, तसं न्हाई दादा, इचारपूस करायला आलतो.

"कर की. नखं पण बघ. हे घे." दादांनी दोन्ही हात पुढं केले. मावळवाल्यानं खरोखर नखं बघितली. याला निगरगट्टपणा म्हणावा का भाबडेपणा, मला आजही ठरवता येत नाही. तो गेल्यावर दादा मोसंबी सोलत मला म्हणाले, गोड आहेत, खा.

आता टाइमकीपरनं जे केलं ते त्याच्या स्वभावाला धरून होतं. त्यानं दादांच्या जागी भट्टीवर मला लावलं. रोज. बोट सरळ माझ्याकडे. मी हरखलो. अशी सलग हजेरी मला कधी मिळाली नव्हती. आठवडाभरानं त्यानं मला टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी बोलावलं आणि आवाज खाली घेऊन सांगितलं की भट्टीचा माणूस आता त्या कामाला अनफिट ठरेल अशी चिन्हं आहेत. तसं झालं तर जागा भरायची आहे, आणि त्याच्या सांगण्याला वर किंमत आहे. "यू मे बी द मॅन," असं म्हणून त्यानं पेनाचं टोपण लावलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तू त्यांच्याकडेच जेवतोस ना? कसं काय आहे? घरात काय बोलतात?

म्हणजे मोसंब्यांशिवाय माप घेणारा माणूस त्याला मिळाला होता.

नेमका त्याच सुमारास आकुर्डीत काम करणारा आमच्या गावचा एकजण भावाचा निरोप घेऊन आला. दिवाळीपर्यंत पर्मनंट झालास तर ठीक, नाहीतर गिरणीवर येऊन बस. आणि कुणाच्या चुलीवरचं खातोस ते इथं कळलंय, आल्यावर बघू. निरोप सांगताना त्या माणसानं मान खाली घातली होती, निदान एवढी लाज त्याला होती. माझ्या भावाला नव्हती. गिरणीत अख्ख्या गावाचं दळण तो एकाच जात्यात घालायचा, तेव्हा कुणाचं पीठ कुणात मिसळतं याची त्याला कधी शुद्ध नव्हती. पण त्याचं म्हणणं थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. परत जाऊन त्याच्या हाताखाली बसायचं, रोज तेच ऐकायचं, हे मला नको होतं. मला इथं राहायचं होतं. राहायचं तर जागा हवी होती. आणि जागा मोकळी व्हायची तर दादा परत यायला नको होते.

हे असं स्वच्छ मी तेव्हा मनाशीही बोललो नाही. फक्त वहिनी ताट वाढत असताना माझं लक्ष दादांच्या मोकळ्या पाटाकडे जायचं आणि मी पाणी प्यायचो. टाइमकीपर रोज खिडकीतून भुवया उडवायचा. मी सांगायचो, काही कळत नाही साहेब. मला खरंच कळत नव्हतं. डॉक्टरही त्याच शिडीवर बसलेला. काविळीचं काही सांगता येत नाही म्हणायचा.

मग तो रविवार आला. वर्ग भरलेला, पत्रा तापलेला. टाइमकीपरनं शिडी काढली, हात झटकले आणि म्हणाला, आज खरं वाक्य करू. फळ्यावर लिहिलं, ही, पुढं रिकामी जागा, मग कम बॅक टू फर्नेस. आपल्या आजारी मित्राबद्दल बोला, म्हणाला, एकेकानं उठून जागा भरायची, कुणाला काय वाटतं ते कळू दे. आणि पेन उघडून हातात धरलं, जणू आमची मतं तो नोंदवणारच होता. काही नोंदवत नव्हता. पण पेन उघडं दिसलं की आम्हाला घाम फुटतो हे त्याला ठाऊक होतं.

पहिला उठला मावळवाला. त्यानं नखं बघितलेली. "ही माइट कम बॅक, साहेब." गुड. दुसरा त्याच्याही खाली उतरला, ही कुड. व्हेरी गुड. तिसरा म्हणाला, ही मे नॉट. प्रत्येकजण टाइमकीपरचं तोंड बघायचा आणि त्याला काय ऐकायचंय ते ओळखून एक पायरी खाली जायचा. कुणी वर चढेना. कालपरवापर्यंत यातले कितीतरी जण दादांनी दिलेल्या विड्या ओढत होते. मग मागच्या बाकावरचा, तो चौकडीच्या शर्टवाला उठला. त्याला सगळ्यात पुढं जायचं होतं. म्हणाला, "ही मस्ट नॉट कम बॅक, सर."

वर्ग हसला. टाइमकीपरही हसला, खुर्चीला धरून हसला. "चूक आहे," तो म्हणाला, "पण भावना पोचली."

माझी पाळी आली तेव्हा मी बाकात अडकलो होतो. गुडघे सोडवून उभा राहायला वेळ लागला. टाइमकीपर प्रेमानं बघत होता. त्याच्या दृष्टीनं मी त्या वाक्याचा मालक होतो, मी भरलेली जागा खरी ठरणार होती. मला शिडी दिसत होती आणि समोर, बरोबर फळ्याच्या खाली, पोरांनी खडूनं काढलेलं एक घर दिसत होतं. दोन खिडक्यांचं.

"साहेब, ते येणार," मी म्हणालो.

"इन इंग्लिश."

"येणार. त्याला इंग्लिश कशाला पाहिजे?"

हे त्याच्या शिडीत बसत नव्हतं. त्यानं अगदी शांतपणे विचारलं, डॉक्टर बोलला का तसं? नाही म्हणालो. मग तुला कसं माहीत? मला काही माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, माहीत नाही, पण येणार. यात काही शौर्य नव्हतं. फक्त त्या खोलीची, त्या हशाची आणि तिथं बसलेल्या माझी एवढी किळस आली होती की दुसरं काही तोंडातून निघेना.

"जिथं जेवतो तिथलं गातोय," तो वर्गाला म्हणाला. वर्ग परत हसला, सुटल्यासारखा. मग माझ्याकडे बघून, "यू मे सिट डाऊन."

मी बसलो नाही. बाकांमधून वाट काढत बाहेर आलो. दारात चपला सगळ्यांच्या एकात एक गुंतलेल्या, माझी सापडेपर्यंत वाकून उभं राहावं लागलं आणि तेवढा वेळ मागून सगळे बघत होते.

सोमवारी बोट माझ्यावरून पुढं गेलं. भट्टीवर चौकडीचा शर्ट गेला. मंगळवारी तेच. मग मी जाळीला उभा असतो की नसतो, त्या माणसाच्या नजरेत काही फरक पडेना. मी चाकणला जायला लागलो, रोजचाच. कांद्याची सालं कपड्यांना, केसांना. मुकादम चल म्हणायचा, आणि दोन शब्दांत आटपणाऱ्या माणसाबद्दल किती आदर वाटू शकतो ते मला तिथं कळलं.

घरी मी काही सांगितलं नाही. पण बदलीवाल्यांच्या पोटात काही राहत नाही. वहिनींना नळावर कळलं, त्यांनी दवाखान्यात जाऊन दादांना सांगितलं. मी संध्याकाळी गेलो तर दादा खाटेवर मांडी घालून बसलेले. डोळे अजून पिवळेच.

"काय रे, मी येणार म्हणून सांगून आलास म्हणे."

मी मान हलवली.

"मला विचारलंस का आधी? आता यावं लागणार की. चांगला महिनाभर पडून राहणार होतो." त्यांनी माझ्या बाहीवरचं कांद्याचं साल काढलं आणि चिमटीत धरून बघितलं. "जागा गेली का तुझी?" मी म्हटलं, माझी कुठं होती.

दादा दिवाळीच्या आधी परत आले. डॉक्टरनं कागद दिला, फिट. तसं अंग पार वाळलं होतं, पट्ट्याला नवीन भोक पाडायला लागलं. त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेटवर गेलो, आत घेणार नाहीत हे माहीत असून. बदलीवाले जाळीला होतेच. दादांना बघून त्यांनी वाट दिली. मावळवाला म्हणाला, बरं झालं दादा, लय काळजी लागलीती. दादा त्याला म्हणाले, मोसंबी गोड होती हो. तो खाली बघायला लागला. चौकडीच्या शर्टकडे कुणी बघितलं नाही. त्याचा दिवस गेला होता.

टाइमकीपर पॅड घेऊन दारात. दादा आत न जाता त्याच्यासमोर उभे राहिले. रांग मागे थांबली.

"साहेब, मी आलोय," ते म्हणाले. "आता माझं एक वाक्य करा."

एवढंच. आवाज चढवला नाही, हसले नाहीत. वाट बघत उभे राहिले, जणू खरंच वाक्य हवं होतं. टाइमकीपरनं पेनाचं टोपण काढलं, लावलं. पॅडकडे बघितलं. बिल्ल्याचा नंबर विचारला, जो त्याला इतकी वर्षं पाठ होता. दादांनी नंबर सांगितला. मग रांगेतून कुणीतरी, पर्मनंटपैकी, म्हणालं, "होऊ द्या की साहेब, एखादं सोपं." अख्खी रांग हसली, आणि त्या सकाळी टाइमकीपरला हसता आलं नाही. दादा कार्ड पंच करून भट्टीकडे गेले. मागं वळून त्यांनी मला हात केला, जा म्हणून.

टाइमकीपरला मी पुढं विसरलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही विसरलो. काही वर्षांनी आकुर्डी स्टेशनसमोर त्याची पाटी दिसली, इंग्रजीच्या वर्गाची. रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, हमखास. जन्मात ज्यानं कुणाला कशाची खात्री दिली नाही त्याला हा शब्द लिहिताना काही वाटलं नसेल. वाटत नाही अशा लोकांना. पाटीखाली पोरांची रांग होती, आणि त्यांची तोंडं अगदी आमच्यासारखी, नीट दिसतील अशी धरलेली.

दादा परत कामावर गेले त्या दिवशी मी गेटवरून चाकणला गेलो. संध्याकाळी परत आलो तर आमच्या गावचा तो आकुर्डीवाला दादांच्या दारात उभा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं दिवाळीला गावी निघणार होता. भावानं सांगितलंय, बरोबर घेऊन ये. पर्मनंट झालास का? नाही म्हणालो. मग चल, तिकिटाची सोय करतो. त्याचं चुकत नव्हतं. गेट बंद झालं होतं, कांद्याचा हंगाम किती दिवस पुरेल कुणास ठाऊक, आणि इथं माझं असं काहीही नव्हतं. मी त्याला म्हटलं, बघतो, येईन बहुधा. तो खाली ओट्यावर बसून राहिला.

आत दादा दमून भिंतीला टेकले होते. पोरं अभ्यासाला. वहिनींनी परात पुढं ओढली, पिठाचा डबा उघडला आणि नेहमीसारखं, वर न बघता विचारलं, "उद्या आहेस का?"

बाहेर आकुर्डीवाला खाकरला. मी दारातच उभा होतो, पाठीवर गोणीचा वळ जळत होता. पुढं भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मला काम लागलं आणि मी इथलाच झालो, पण त्या क्षणी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, मला तर अजिबात नाही.

"आहे," मी म्हणालो. मग बाहेर जाऊन आकुर्डीवाल्यालाही सांगितलं, येत नाही. त्यानं खरंच का म्हणून विचारलं. खरंच, म्हटलं. तो कपडे झटकून निघून गेला.

आत आलो तर वहिनींनी पीठ घेतलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

"आधी अंघोळ कर," त्या म्हणाल्या. "भाकरीला कांद्याचा वास लागेल."